डॉक बिघडला : दोष कोणाचा ?



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहावे ते महागाईभत्त्यावर, नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलण्यासाठी, असा संकेत आहे. चिटणीसांनी विषय विचारला आणि मी कागदावर 'लॅपटॉपचे डॉकिंग स्टेशन व त्याला न जुळणारी यूएसबी उपकरणे' असे लिहून दिले, तेव्हा आमंत्रण चुकीच्या पत्त्यावर तर गेले नाही ना, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर उमटली. पण हा विषय मी शोधीत गेलो नाही. तो एका पगारपत्रकातून चालत माझ्याकडे आला.

एका कचेरीत काम करणारी आमची एक सभासद भगिनी एका संध्याकाळी युनियनच्या खोलीवर आली. कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिच्या पगारातून साडेनऊ हजार रुपये दोन हप्त्यांत कापण्याचा हुकूम निघाला होता आणि पहिला हप्ता कापलाही गेला होता. कारण एका ओळीत दिलेले : डॉकचा मॉनिटरचा पोर्ट हलगर्जीपणाच्या हाताळणीमुळे निकामी. त्या कचेरीत कोणाला स्वतःचे टेबल नाही. सकाळच्या पाळीत एक बसतो, दुपारच्या पाळीत दुसरा. डॉक मात्र टेबलाला कायमचा. ज्याच्या पाळीत यंत्र बंद पडलेले दिसेल तो गुन्हेगार, असा तिथला हिशेब. ती म्हणाली, "भाऊ, मी आपली पिन लावली, दुसरे काही केले नाही. चार्जिंग होते, माऊस चालतो, कीबोर्ड चालतो. फक्त मॉनिटर काळा."

तरुणपणी मी वायरमनच्या हाताखाली काम केले आहे. जे बंद पडले त्याच्याआधी जे चालू आहे ते विचारावे, एवढे त्या उस्तादाने मला शिकवले होते. म्हणून तिच्या बोलण्यातले 'माऊस चालतो' हे शब्द मला 'मॉनिटर काळा' ह्या शब्दांपेक्षा महत्त्वाचे वाटले. पुढचे काही आठवडे मी यंत्रांसोबत येणाऱ्या पुस्तिका आणि शब्दकोश घेऊन बसलो. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

लॅपटॉप जसजसा पातळ होत गेला तसतशी त्याच्या अंगावरची तोंडे कमी होत गेली. टेबलावर मात्र मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, स्कॅनर, बोटाचा ठसा घेणारे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन, नेटची केबल असा सगळा संसार असतो. हा संसार ज्या एका पेटीला जोडून ठेवायचा आणि त्या पेटीची एकच केबल लॅपटॉपला लावायची, ती पेटी म्हणजे डॉक. गोदीत जहाज लागावे तसा लॅपटॉप येऊन लागतो. मुंबई पाहिलेल्याला हे नाव समजावून सांगायला नको.

पेटीच्या पोटात मुख्य असतो तो हब. एका सॉकेटाची चार सॉकेटे करणारा विजेचा बोर्ड आपण घरी वापरतो, तसा हा दिसतो. पण बोर्ड मुका असतो आणि हब बोलतो. यूएसबीच्या मूळ नियमाप्रमाणे आपण होऊन बोलण्याचा अधिकार एकट्या संगणकाला आहे. उपकरणाने विचारले तर उत्तर द्यावयाचे, एरवी गप्प बसावयाचे. (आमच्या कोणत्याही युनिटने हा करार सही केला नसता.) नवे उपकरण खुपसले की हब संगणकाला तशी वर्दी देतो. संगणक त्याला एक क्रमांक देतो. असे क्रमांक १२७ पर्यंतच आहेत. मग तो विचारतो : तू कोणत्या कारखान्याचा, कोणत्या जातीचा, तुला वीज किती लागेल ? उत्तरे जुळली की त्या जातीचा ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी बोलण्याची रीत जाणणारा प्रोग्रॅम, कामावर येतो. ह्या प्रश्नोत्तरांत कोठेही खंड पडला तरी पडद्यावर येणारी तक्रार बहुधा एकच असते : उपकरण ओळखता आले नाही. कोणी ओळखले नाही आणि का, हे त्यात नसते.

हा व्यवहार जानेवारी १९९६ मध्ये पहिल्या नियमपुस्तकाने सुरू झाला. त्याआधी कीबोर्डाला गोल पिन, प्रिंटरला हातभर रुंद वाटावी अशी पिन, मोडेमला तिसरीच. सात कंपन्यांनी मिळून एक तोंड ठरवले. इंटेलमध्ये ते काम पुढे नेणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठात शिकलेले. ती चपटी पिन पहिल्या झटक्यात कधी सरळ बसत नाही, ह्याबद्दल साऱ्या जगाने त्यांना बोल लावला. उलटसुलट बसणारी पिन केली असती तर तारा आणि खर्च दुपटीवर गेले असते, असा त्यांचा खुलासा आहे आणि मला तो पटतो. पहिल्या यूएसबीत सेकंदाला फार तर १ कोटी २० लाख बिट जात; बिट म्हणजे होय किंवा नाही अशी एक खूण. २००० साली दुसरी आवृत्ती आली, तिने हा आकडा ४८ कोटींवर नेला. २००८ च्या तिसरीने ५ अब्जांवर. आणि ऑगस्ट २०१४ मध्ये उलटसुलट कशीही बसणारी टाइप-सी आली. आपल्या भारतीय मानक ब्यूरोने तिचे मानक जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलांना ती सक्तीची केली.

इथेच सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे, म्हणून जरा थांबू.

टाइप-सीच्या इवल्या तोंडात २४ संपर्क असतात. काही विजेचे. काही केवळ बोलणी करण्याचे : समोर कोण आहे, किती व्होल्ट चालतील, चित्र पाठवू की नको. एक जुनी वाट आहे, ती दुसऱ्या आवृत्तीची, ४८ कोटींची. आणि अतिवेगाच्या चार नव्या वाटा आहेत. ह्या चार वाटांवरून काय जावे हे कायमचे ठरलेले नाही. पिन लावताना बोलणी होतात आणि वाटणी ठरते. चारही वाटा चित्राला दिल्या तर माहितीसाठी जुनी वाट तेवढी उरते. दोन चित्राला दिल्या तर दोन तिसऱ्या आवृत्तीच्या यूएसबीला मिळतात.

हिशेब करून पाहू. साध्या मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला रंगाचे २४ बिट, सेकंदाला ६० चित्रे. म्हणजे सुमारे ३ अब्ज बिट. 'फोर-के' म्हणतात त्या मॉनिटरवर ठिपके चौपट, म्हणजे सुमारे १२ अब्ज. बऱ्याच लॅपटॉपांत चित्राची एक वाट सेकंदाला कामाचे ४ अब्ज ३२ कोटी बिट वाहते. दोन वाटांवर झाले ८ अब्ज ६४ कोटी. साधा मॉनिटर त्यात आरामात बसतो, मोठा बसत नाही. त्याला चारही वाटा द्याव्या लागतात आणि मग त्याच डॉकला लावलेली हार्ड डिस्क ५ अब्जांवरून ४८ कोटींवर येते. मोठा मॉनिटर आल्यापासून डिस्क रखडते, अशी तक्रार घेऊन जो येतो त्याची डिस्क बिघडलेली नसते. नव्या लॅपटॉपांत चित्राची वाट अधिक रुंद झाली आहे, तिथे दोन वाटांत भागते. पण बाहेरून दोन्ही तोंडे सारखीच दिसतात.

लॅपटॉपांचीही गोष्ट तशीच. काहींच्या टाइप-सी तोंडातून चित्र बाहेर पडतच नाही. फक्त माहिती आणि वीज. काहींत थंडरबोल्ट असते, शेजारी विजेची खूण काढलेली. काही जुने थंडरबोल्ट डॉक साध्या टाइप-सी तोंडाला लावले तर ते ढिम्म हलत नाहीत. पिन मात्र झकास बसते. आणखी एक जात आहे. तिच्यात चित्राला वेगळी वाट लागतच नाही. चित्र आवळून साध्या माहितीसारखे यूएसबीवरून पाठवले जाते. डिस्प्लेलिंक हे त्यातले प्रसिद्ध नाव. ही युक्ती गुणी आहे, परंतु लॅपटॉपात तिचा ड्रायव्हर घातलेला असला पाहिजे. तो नसेल तर काय होते ? माऊस चालतो आणि मॉनिटर काळा राहतो.

आणि शेवटी केबल. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली मोबाइलच्या चार्जरबरोबरची केबल आपल्या घरोघर आहे. तिच्यातल्या पुष्कळांत विजेच्या तारा आणि जुनी वाट एवढेच असते. अतिवेगाच्या तारा घातलेल्याच नसतात, कारण मोबाइल चार्ज करायला त्या लागत नाहीत. अशी केबल डॉकला लावली तर चार्जिंग होते. माऊस, कीबोर्ड चालतात, कारण त्यांना जुनी वाट पुरते. पेनड्राइव्हही चालतो, जरा मंद. चित्र तेवढे येत नाही.

तेव्हा आमच्या ताईच्या एका लक्षणाला चार संशयित झाले : चित्र न देणारा लॅपटॉप, नसलेला ड्रायव्हर, भलती केबल, आणि खरोखरच मोडलेला पोर्ट. पहिल्या तिघांत तिचा हात असण्याचा प्रश्नच नव्हता. चौथ्यातसुद्धा, पोर्ट मोडला होता असे धरले तरी, तो तिच्याच पाळीत मोडला ह्याला आधार काय ? कचेरीने चारांतला शेवटचा निवडला, कारण त्याच्याकडून पैसे वसूल करता येतात.

चौकशी कशी करावी ? आम्ही लोक खातेनिहाय चौकश्यांत मुरलेले असल्याने मला ह्यात नवे काही वाटले नाही. साक्षीदार एकेक बोलवावयाचा. दोघांना एकदम उभे करावयाचे नाही. एका वेळी एकच वस्तू बदलावी. आपले लोक घाईने केबल बदलतात, पोर्टही बदलतात आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालूही करतात. यंत्र सुरू होते, काम भागते, परंतु दोषी कोण होता हे कायमचे बुडते आणि आठ दिवसांनी तेच दुखणे पुन्हा येते.

पहिली पायरी म्हणजे अडलेले उपकरण डॉक सोडून सरळ लॅपटॉपला लावून पाहणे. तिथेही चालले नाही तर डॉक सुटला. उपकरण, त्याची केबल किंवा ड्रायव्हर पाहावा. तिथे चालले तर तेच उपकरण डॉकच्या दुसऱ्या पोर्टाला, मग डॉकची केबल बदलून, मग दुसऱ्या लॅपटॉपला, ह्या क्रमाने जावे. विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर उघडून ठेवावा. पिन लावताच यादी हलली, तर संगणकाने उपकरण पाहिले आहे; पिवळे चिन्ह आले, तर पाहिले पण बोलणे जमले नाही. यादी हललीच नाही, तर वाट किंवा वीज तुटलेली आहे. लिनक्स वापरणाऱ्याने 'एलएसयूएसबी' ही आज्ञा 'टी' जोडून द्यावी. कोणते उपकरण कोणत्या हबामागे आहे आणि ४८० च्या वेगाने बोलते की ५००० च्या, हे झाडासारखे मांडून मिळते. तिसऱ्या आवृत्तीचा हब म्हणजे खरे तर एका डबीतले दोन हब असतात, एक जुन्या वाटेचा आणि एक नव्या. म्हणून अर्धा डॉक चालतो आणि अर्धा चालत नाही, ह्यात अचंबा नाही. अर्धा चालतो हीच खूण धरून पुढे जावयाचे.

काही वेळा दोषी कोणी नसतोच. डॉकच्या आतला छोटा प्रोग्रॅम अडकून बसलेला असतो. लॅपटॉपची केबल काढावी, डॉकचा ॲडॅप्टरही भिंतीतून काढावा, अर्धा मिनिट थांबावे, मग आधी ॲडॅप्टर आणि नंतर लॅपटॉप लावावा. नुसती केबल काढघाल करून हे साधत नाही, कारण ॲडॅप्टरवर डॉक जागाच असतो. हा अंतर्गत प्रोग्रॅम कारखानदार मधूनमधून सुधारून देतात; तो चढवीत असताना केबलीला हात लावू नये.

आता नेहमी येणाऱ्या काही तक्रारी.

विजेची तक्रार ओळखणे सोपे आहे. स्वतःचा ॲडॅप्टर नसलेला छोटा डॉक लॅपटॉपच्याच विजेवर जगतो. दुसऱ्या आवृत्तीच्या नियमात, पोर्टाने ५०० मिलिअँपिअर द्यावयाचे. पण हबला स्वतःची वीज नसेल तर त्याच्या प्रत्येक पोर्टावर हमी फक्त १०० ची. चकतीची हार्ड डिस्क फिरायला लागताना ह्याच्या कितीतरी पट ओढते. ती लावताच ठशाचे यंत्र बेपत्ता झाले, तर शोध डिस्कच्या भुकेचा घ्यावा. ॲडॅप्टर असलेला डॉक घ्यावा, नाहीतर डिस्क सरळ लॅपटॉपला लावावी.

बिनतारी माऊस अडखळतो, ही दुसरी. तिचे कारण मला फार गंमतीचे वाटले. तिसऱ्या आवृत्तीचे यूएसबी चालू असताना रेडिओसारखा गोंगाट करते आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. बहुतेक बिनतारी माऊस तिथेच बोलतात. इंटेलने २०१२ साली ह्यावर निबंधच प्रसिद्ध केला आहे. डॉकच्या मागे डिस्कच्या शेजारी माऊसचा इवला रिसीव्हर खोचलेला असतो, म्हणजे बँडवाल्याच्या शेजारी बसून कानगोष्टी ऐकण्याचा प्रकार. हात-दीड हाताच्या जोडकेबलने रिसीव्हर दूर आणला की तोच माऊस शहाण्यासारखा वागतो. ह्या कारणासाठी किती माऊस कचऱ्यात गेले असतील कोण जाणे.

हेडफोनमध्ये आवाज तुटतो, ही तिसरी. हेडफोन, बारकोडचे यंत्र अशी मंडळी बहुधा अजून १ कोटी २० लाखांच्या जुन्या चालीने बोलतात. वेगवान हबमध्ये त्यांच्यासाठी एक दुभाषा बसवलेला असतो. चांगल्या हबला प्रत्येक पोर्टामागे स्वतंत्र दुभाषा, स्वस्तातल्याला सगळ्यांत मिळून एक. एका दुभाष्यापुढे चौघे एकदम बोलू लागले की ज्याचे बोलणे अखंड चालले पाहिजे तो, म्हणजे आवाज, मार खातो. हेडफोन लॅपटॉपच्या अंगच्या तोंडाला लावावा.

जेवणाच्या सुट्टीनंतर यंत्र सापडत नाही, ही चौथी. वीज वाचवण्यासाठी विंडोज रिकाम्या पोर्टांना झोपवते आणि काही उपकरणे त्या झोपेतून उठत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची मुभा देणारी खूण असते. ती काढून टाकावी.

डिजिटल सहीचे टोकन आणि आधारचे ठशाचे यंत्र ह्यांचे थोडे निराळे. यादीत ती दिसत असली तर डॉकने आपले काम चोख केले आहे. टोकनाला त्याच्या कारखान्याचा प्रोग्रॅम लागतो, ठशाच्या यंत्राला त्याची आरडी सर्व्हिस चालू लागते. नवे लॅपटॉप वाटले गेले की हे प्रोग्रॅम मागे राहतात आणि डॉक शिव्या खातो.

त्या कचेरीत आम्ही एका दुपारी गेलो. व्यवस्थापनाचा माणूस समोर होता, तसा मी आग्रहच धरला होता. ताईचा लॅपटॉप शेजारच्या टेबलाच्या डॉकला लावला, मॉनिटर उजळला. लॅपटॉप सुटला. दोन्ही डॉक एकाच बनावटीचे, म्हणजे ड्रायव्हरही सुटला. मग शेजारच्या डॉकची केबल काढून ताईच्या 'मोडक्या' डॉकला लावली. मॉनिटर उजळला. शेवटी ताईच्या टेबलाची केबल शेजारच्या चांगल्या डॉकला लावली. तो काळा पडला. सगळे मिळून दहा मिनिटे लागली. कोणीतरी कोठल्या तरी पाळीत मोबाइल चार्ज करायला केबल काढली होती आणि परत लावताना आपली लावली होती. दोन्ही काळ्या, दोन्हींची टोके सारखी.

१९३६ च्या वेतन कायद्यात नुकसानीपोटी कपात करता येत असे आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती करता येते. पण वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली हवी, नुकसान थेट त्याच्या हयगयीने झालेले हवे, आणि कापण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिलेली हवी. तीन पाळ्यांच्या टेबलावरचा डॉक कोणाच्या ताब्यात सोपवलेला असतो, हा प्रश्न मी त्या माणसाला विचारला. तो केबलीकडे पाहत राहिला.

पुढच्या पगारात ताईचे पैसे परत आले. आता तिथे प्रत्येक केबलीवर डॉकचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असते आणि तक्रारीच्या फॉर्मवर, काय बंद आहे ह्याच्या आधी, काय चालू आहे ते लिहावयाचा रकाना आहे. तो आम्ही घालून घेतला.

ती केबल कोणाची हे शेवटपर्यंत कळले नाही. ती मी आज पिशवीतून आणली आहे, आणि तिच्याशेजारी डॉकची एक खरी केबलही. दोन्ही इथे टेबलावर ठेवतो. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पुढे यावे आणि कोणती कोणती ते सांगावे.